आत्याचा करार आणि बार्बाडोसचा ऊस

कॉर्क
५ मे २०२५, सोमवार, बँक हॉलिडे

चि. सानिका,
आशीर्वाद, आणि फोन न उचलल्याबद्दल लांबूनच एक टपली.

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मी मुद्द्यावर आले की "आत्या, लायब्ररीत आहे" म्हणून ठेवून देतेस. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. इथलं टपाल दुसऱ्या दिवशी गॉलवेला पोचतं, तेव्हा सबब चालणार नाही. उत्तरही पत्रानंच दे.

बातमी अशी की ऑर्डर मिळाली! रिंगास्किडीकडच्या त्या औषधांच्या कारखान्याची. सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस त्यांचं दुपारचं जेवण आपल्याकडून जाणार. त्यांची एक बाई चव बघायला आली होती. आमटी चाखून "गॉर्जस" म्हणाली. आता ही माणसं ऊन पडलं तरी गॉर्जस म्हणतात, त्यामुळे मी काही हुरळले नाही. पण तिनं वाटी परत पुढे केली तेव्हा म्हटलं, सुलक्षणा, जिंकलीस.

आता तुझं. प्रबंध ऑगस्टमध्ये संपतोय ना? सप्टेंबरपासून तू इकडे. मी सगळं ठरवलंय. वरची मागची खोली तुझी. रंग दिला, पडदे लावले, नवं प्रेस आणलं. कपाट म्हटलं की आता विवेककाकांनाही पटकन कळत नाही, तेही प्रेसच म्हणतात. सकाळी आपण दोघी गॅरेजमधल्या किचनमध्ये, दुपारी डबे पोचवायचे, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची तयारी. तीन वर्षं जीव लावून केलंस की धंदा उभा. पगाराचं काय ते बघू गं, घरातल्या घरात कसले तास मोजायचे? तू काय परकी आहेस?

आमच्या पोराचा, तन्मयचा, उपयोग शून्य. कांदा चिर म्हटलं की "आय'म ग्रँड, मॅम", म्हणजे माझं बरं चाललंय आई, असं म्हणतो आणि जिना चढून जातो. आता तर तो डब्लिनलाच राहतो.

ज्ञानादादाला कळवलंय. तुझ्या बाबांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! शेजारच्या मॉरीनलाही सांगितलं. आणि हो, तुझा प्रबंध नेमका कशावर आहे? इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका विचारतात तेव्हा मी "जहाजांवर" असं म्हणून विषय बदलते. एखादं प्रकरण पाठव की.

तुझी,
आनंदानं दोनदा मीठ घातलेली आत्या


गॉलवे
१२ मे २०२५

ती. आत्या,
वाकून नमस्कार. टपली पोचली, जरा जोरातच लागली.

ऑर्डरचं वाचलं आणि मी लायब्ररीत चक्क ओरडले. समोरच्या मुलानं हेडफोन काढून बघितलं. अभिनंदन! तुझ्या आमटीपुढे कोण टिकणार?

प्रबंधाबद्दल विचारलंस, तर सांगते. सतराव्या शतकात इथली तरणी पोरं-पोरी अमेरिकेकडच्या बेटांवर कामाला का गेली, हा विषय. बार्बाडोस, मॉन्टसेराट वगैरे. तिथे आधी तंबाखू लावला आणि मग ऊस. जमीन मूळच्या लोकांकडून लाटलेली, भांडवल व्यापाऱ्यांचं, कमी होते ते फक्त राबणारे हात. इकडे आयर्लंडात लढाया, हिसकावलेल्या जमिनी आणि पोटाला काम नाही. मध्ये दलाल. ते बंदरात, बाजारात पोरं गाठायचे. जहाजाचं भाडं मालक भरेल, जेवण-कपडे मालकाचे, तू फक्त चार-पाच-सात वर्षं राबायचं, मग तू मोकळा. पुष्कळांना जबरदस्तीनं चढवलं हेही खरं. पण जे स्वतःच्या पायांनी जहाजावर चढले त्यांच्या मनात काय होतं, हे मला शोधायचंय. सोबत तिसरं प्रकरण पाठवतेय.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. पुढच्या शतकात त्या बेटांवर उसात इतका पैसा होता की मालक धान्यासाठी जमीन ठेवायचे नाहीत. मग खायचं काय? तर खारवलेलं मांस आणि लोणी पिंपंच्या पिंपं भरून जायचं, आणि त्यातलं केवढं तरी जायचं तुमच्या कॉर्कहून! म्हणजे साता समुद्रापार डबा पोचवणारं गाव ते. तू तिथला जुनाच धंदा करतेयस. फक्त तेव्हा चांगलं मांस मालकांच्या ताटात जायचं आणि हाडकं-चरबी गुलामांच्या, तेवढं मात्र तू करू नकोस.

शनिवार-रविवार मी पर्यटकांना गॉलवेच्या गल्ल्यांतून फिरवते हे सांगितलं होतं का? हातात पिवळी छत्री, मागे अमेरिकन लोकांची रांग. इथल्या व्यापारी घराण्यांनी बेटांवर मळे कसे घेतले ते मी रंगवून सांगते. परवा एका आजोबांनी विचारलं, "तू मूळची इथलीच का?" म्हटलं, "नाही, कोथरूडची." तर म्हणाले, "ते कुठल्या काउंटीत येतं?"

सप्टेंबरचं आपण सवडीनं बोलूच.

तुझी,
छत्री सांभाळणारी सानिका


कॉर्क
१७ मे २०२५

चि. सानिका,
आशीर्वाद, आणि या खेपेला शाबासकी.

प्रकरण वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा राग आवरून. अगं, मालकांवर किती घसरलीस! मालकाचंही ऐकून घेशील की नाही? जहाजाचं भाडं त्यानं भरायचं, खायला त्यानं घालायचं, आणि पोरगं चार महिन्यांत पळून गेलं तर त्यानं कुणाच्या नावानं खडे फोडायचे?

आणि ऊस म्हणजे काय ते मला विचार. आमचं लहानपण साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. आमचे अण्णा काट्यावर होते, उसाच्या गाड्यांचं वजन करायचे. तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही, वेळेत गाळला नाही तर रस आंबतो. म्हणून हंगामात दिवसरात्र भोंगा. तुझ्या बेटांवर त्या पोरांना उसंत का मिळत नव्हती, याचं कारण नुसता मालकाचा दुष्टपणा नव्हे, ऊससुद्धा. आणि तुझा तो दलाल म्हणजे आमच्याकडचा मुकादम, दुसरं कोण? आधी उचल द्यायची आणि हंगाम आला की नवरा-बायकोला ट्रकमध्ये घालून आणायचं. जोडप्याला मिळून "एक कोयता" म्हणायचे. मला लहानपणी प्रश्न पडायचा, यातली बाई कुठे गेली? हे तुझ्या प्रबंधाच्या गाईडबाईंना सांग, त्यांना आवडेल.

आता कामाचं. सप्टेंबरबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, पण मालक सुट्टी देत नसत त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं दोन रेघा ओढून पाठवल्यास. मी काय कुकुलं बाळ आहे? इशारा कळला. रविवार तुझा. अख्खा. स्वयंपाकघरात पाऊलही टाकू नकोस.

आणि सगळं कसं रीतसर असावं म्हणून विवेककाकांकडून करार लिहून घेतलाय. त्यांचं आयुष्य कंपनीत नियम लिहिण्यात चाललंय, त्यांना हौस. वाच आणि सही करून पाठव. मंडळातल्या हृषीकेशच्या बायकोलाही कामाला यायचं होतं. मी सांगितलं, जागा भरली.

तुझी,
मालकांची बाजू घेणारी आत्या


गॉलवे
२३ मे २०२५

ती. मळेवाल्या आत्याबाईसाहेब,
चरणी लवून मुजरा.

थांब, आधी हसून घेते. त्या पेन्सिलीच्या रेघा माझ्या नव्हेत गं! गाईडबाईंच्या आहेत. त्यांना तिथे पुरावा कमी वाटला. त्यांच्या एका शंकेपायी मला अख्खा रविवार मिळाला, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. आणि तुझं कोयत्याचं मात्र त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं.

आता करार. आत्या, मी गेलं वर्षभर असले जुने करार वाचतेय, आणि काकांचा करार त्यांच्याशेजारी ठेवला तर मला सांगता येईना कुठला कधीचा. हे बघ.

काका लिहितात, "निवास व भोजन देण्यात येईल." तिकडेही तेच, वर कपडे.

काका: "मुदतीत अन्यत्र काम करता येणार नाही." तिकडेही.

काका: "पूर्वसूचनेशिवाय कॉर्कबाहेर जाऊ नये." तिकडे मळ्याबाहेर. विचारल्याशिवाय गेलं तर मुदत वाढायची.

काका: "विवाह ठरल्यास सहा महिने आधी कळवावे." तिकडे मालकाच्या परवानगीशिवाय लग्नच नाही. काका तेवढे सुधारक.

आणि शेवटचं कलम, "मुदतीअंती आठ लिटरचा प्रेशर कुकर भेट." याला तर तोड नाही! बेटांवर सुटताना थोडी साखर किंवा कपड्यांचा जोड द्यायची बोली असे. कुकर कुणाला सुचला नव्हता.

पगार मात्र काकांच्या करारातही नाही आणि त्यांच्याही नव्हता. आणखी एक गंमत. त्या काळी "फॅमिली" म्हटलं की नोकर-चाकरही त्यात धरायचे. मालक मोठ्या प्रेमानं सांगायचा, हे सगळं माझं कुटुंब. तू काय परकी आहेस, असंच म्हणत असणार तोही.

बरं, एक सांगायचं राहिलं. आमचा टूरवाला पॉड्रिग मला सप्टेंबरपासून पूर्ण वेळ ठेवायचं म्हणतोय. सोमवार ते शुक्रवार शाळांच्या सहली, आणि जुन्या कागदांचं काम. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण आत्या, सहीसुद्धा केलेली नाही.

तुझी,
बंदरावर उभी, जहाजात न चढलेली सानिका


कॉर्क
१० जून २०२५

चि. सानिका,
आशीर्वाद.

मी विवेककाका. आयुष्यात पत्र लिहिण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिलं तुझ्या आत्याला लिहिलं होतं, तेही तिच्या भावानं सांगितलं म्हणून.

तुझं पत्र आल्यापासून ही रोज सकाळी मला सांगते, "मी काही रागावलेले नाही." मी विचारलेलं नसतं. आमटी मात्र अशी होतेय की काल मॉरीनला डबा दिला, तर तिनं दोन ग्लास दूध पिऊन डोळे पुसले आणि "ग्रँड, ग्रँड" म्हणत घरी गेली. पत्र फाडलेलं नाही. फ्रिजवर लोहचुंबकानं लावलंय आणि येता-जाता वाचते. यावरून मी आशा धरून आहे.

करारातली बाकीची कलमं माझी. त्याबद्दल क्षमस्व, ऑफिसची सवय. कुकर मात्र तिचा. तुला शेवटी काहीतरी चांगलं द्यायचं असं तिनं फार विचार करून ठरवलं होतं.

तिला चार ओळी लिही. मी सांगितलं हे सांगू नकोस.

तुझा,
दूध पिऊन दिवस काढणारा काका


गॉलवे
१३ जून २०२५

ती. आत्या,
नमस्कार. आज मुजरा नाही, चेष्टा नाही.

मागचं पत्र मी फार खुशीत लिहिलं आणि टाकून आल्यावर खुशी उतरली. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तुझी माफी मागायची म्हणून, आणि दुसरी माफी न मागता.

पहिली ही. तुला मळेवाली म्हटलं ते चुकलंच. नुसतं तुला लागलं म्हणून नव्हे, इतिहास म्हणूनही चुकलं. त्या पोरांना पळून गेलं तर चाबूक होता. आणि त्यांच्याही खाली आणखी माणसं होती. आयर्लंडची पोरं कमी पडू लागली, मुदत संपवून निघून जाऊ लागली, तसे मालक आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं विकत घ्यायला लागले. त्यांना मुदतच नव्हती. त्यांचीच नव्हे, त्यांच्या मुलांचीसुद्धा सुटका नव्हती. आणि मुदत संपलेली काही आयरिश पोरं पुढे मुकादम झाली, काही स्वतः मालक. तेव्हा मॉन्टसेराटच्या उसाच्या शेजारी माझी रंगवलेली खोली आणि नवं कपाट ठेवून विनोद करणं मला शोभलं नाही. चौथ्या प्रकरणात मी हेच बजावून लिहितेय आणि पत्रात स्वतःच विसरले.

दुसरी गोष्ट. आत्या, मी कॉर्कला कामाला येणार नाही. सरळ लिहिते, कारण फोनवर मला हे कधीच बोलता आलं नसतं. पगार ठरलेला नाही म्हणून नव्हे, किंवा काम कष्टाचं आहे म्हणूनही नव्हे. मला हे छत्रीचं काम मनापासून आवडतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, तू "घरचंच आहे" म्हटलंस की मला तुझ्याशी भांडता येत नाही, दर विचारता येत नाही, कंटाळा आला असं म्हणता येत नाही. नोकरी सोडता येते. आत्या कशी सोडायची? सहा महिन्यांत मी कुढायला लागले असते आणि तुला कळलंही नसतं.

तुला तर हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मंडळाच्या गणपतीला नवऱ्यांबरोबर आलेल्या सगळ्या बायकांनी वर्षानुवर्षं फुकट मोदक वळले, आणि "या वर्षी मोदकाला दर आहे" असं म्हणणारी पहिली तू. बाबा ती गोष्ट अजून अभिमानानं सांगतात. मला त्याच आत्याकडे बघून नाही म्हणायचं बळ आलंय.

रागाव हवं तर. पण लिही.

तुझीच,
सानिका


कॉर्क
२ जुलै २०२५

चि. सानिका,
आशीर्वाद.

तुझ्या काकांनी तुला पत्र लिहिलं हे मला माहीत आहे. पाकिटावर पत्ता माझ्याकडूनच लिहून घेतला त्यांनी, "बँकेचं आहे" म्हणून. सानिकाच्या घरी कुठली बँक आली?

मी रागावले होते. हो. मंडळातल्या बायकांना सांगून बसले होते, मॉरीनला सांगितलं होतं, दादाला काय तोंड दाखवू असं झालं. नंतर राग गेला आणि वाईट वाटायला लागलं, ते जास्त त्रासदायक. मोदकांचं तू लिहिलंस आणि मी फ्रिजसमोर उभी राहून म्हटलं, आता काय बोलशील, सुलक्षणाबाई?

मग कामाला लागले. हृषीकेशच्या बायकोनं तोवर दुसरीकडे नोकरी धरली होती, म्हणून इथल्या भारतीय किराणा दुकानात चिठ्ठी लावली. नंदिनी म्हणून एक मुलगी आली. नागपूरची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, दोन वर्षं घरी बसून कंटाळलेली. हात असा चालतो की बघत राहावं. मी तिला चहा दिला, सगळं समजावलं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हे घरचंच समज हं."

ती कप खाली ठेवून म्हणाली, "घरचं नको ना ताई. घरी मला पगार भेटत नाही."

सानिका, मी इतकी हसले की काका वरून धावत आले. त्यांना वाटलं मला काही झालं. ती पोरगी बिचारी घाबरली. मग आम्ही तिघांनी बसून सगळं ठरवलं. तास ठरले, दर ठरला, सुट्ट्या ठरल्या. काकांना कागदाला हात लावू दिला नाही. नंदिनीनंच लिहिलं, एका पानात मावलं.

आता तुला एक सांगते, ते काकांनाही सांगितलेलं नाही. करार करताना माझ्या मनात काय होतं माहीत आहे? तीन वर्षं लिहिलं ते धंद्यासाठी नव्हतं. हात काय, हात मिळतात, हे आता दिसलंच. तन्मय डब्लिनला गेल्यापासून वरची खोली मला खायला उठते. काका कामावर जातात, मी गॅरेजमध्ये रेडिओशी बोलते. आयर्लंडला आल्यावर तू पहिले चार महिने इथे होतीस, तेव्हा घरात कुणीतरी मराठीत भांडत होतं. मला तू हवी होतीस गं. पण "मला करमत नाही, ये" असं म्हणायची लाज वाटली. कामाचं निमित्त असलं की माणूस हक्कानं बोलावतो, म्हणून ऑर्डर मध्ये घातली.

तुझे मालक निदान उसासाठी तरी करत होते.

तुझी,
रेडिओवाली आत्या


गॉलवे
८ जुलै २०२५

ती. आत्या,
नमस्कार, आणि एक घट्ट मिठी.

तुझं पत्र मी टूर संपल्यावर बंदराच्या कठड्यावर बसून वाचलं आणि रडले. एक अमेरिकन बाई थांबून म्हणाली, "हनी, त्या पोरांचं ऐकून मलाही असंच झालं." मी तिला सुधारत बसले नाही.

मग उठून पॉड्रिगला हो म्हटलं. पण आधी तास आणि पगार कागदावर मागितला. तो म्हणाला, "आह, यू'र वन ऑफ द फॅमिली नाऊ." मी म्हटलं, "नंदिनीला विचारून सांगते." त्याला कोण नंदिनी ते कळलं नाही, पण कागद मिळाला.

आता ऐक. माझं काम सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतंय. पहिला आठवडा मोकळा आहे. त्यातच तुझा कारखान्याचा पहिला दिवस आहे, गडबड होणार, नंदिनी नवी. मी येते. कांदे चिरीन, डबे भरीन, तू म्हणशील ते. पैसे नकोत, करार नको. मला मनापासून यायचंय. नाही म्हणून झाल्यावर हो म्हणायला किती हलकं वाटतं, हे आज कळलं.

कळव, म्हणजे बसचं तिकीट काढते.

तुझी,
कागदावर सही केलेली सानिका


कॉर्क
१२ जुलै २०२५

चि. सानिका,
आशीर्वाद, आणि तुझी सूचना नामंजूर.

पहिल्या आठवड्यात यायचं नाही. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलणार नाही, नंदिनीवर ओरडेन, काकांना कोथिंबीर आणायला तीनदा पिटाळीन. तू आलीस की तुझ्याही हातात सुरी देईन, आणि परत आपण तिथेच. चिरायला माणूस मिळालाय, त्याचे पैसे मी मोजतेय, तिच्या कामावर गदा आणू नकोस.

तू ऑगस्टमध्ये ये. प्रबंध दिलास की दुसऱ्याच दिवशी. डोळ्यांखाली काळं आलं असेल ते घेऊन ये. बसस्टँडवर मी स्वतः येईन, काकांना पाठवणार नाही. आणि घरी आल्यावर तू टेबलापाशी बसायचं. मी वाढीन आणि तू खायचंस, गरम पोळी तव्यावरून थेट ताटात. उठून वाटी विसळायला गेलीस तर हात धरून परत बसवीन. जेवण झालं की वर जाऊन झोपायचं. संध्याकाळी आपण समुद्रावर जाऊ आणि तू मला तुझं चौथं प्रकरण वाचून दाखव. मी मालकांची बाजू घेणार नाही असं वचन देत नाही, पण प्रयत्न करीन.

किती दिवस राहायचं ते तू ठरव. कंटाळलीस की सांग, मी बसचं वेळापत्रक बघून देते. नाही कंटाळलीस तरी सांग.

माझं तुझ्याकडे काहीही काम नाही, सानिका. म्हणून ये.

तुझी,
आत्या